चर्चचा इतिहास वाचायचा कसा? एक बनावट दानपत्र आणि पाच प्रश्न

या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जे सुटलं होतं ते इथे थोडं नीट केलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे चर्चचा इतिहास. नाव ऐकूनच काही जण म्हणतील, आपण ख्रिश्चन नाही, आपल्याला काय करायचंय? काही जण म्हणतील, हा आमच्या श्रद्धेचा विषय आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये. दोघांनाही माझी विनंती आहे की शेवटपर्यंत थांबा. धर्माशी जोडलेला कुठलाही इतिहास, मग तो चर्चचा असो, देवस्थानाचा असो, मठाचा असो की दर्ग्याचा, शिस्तीने अभ्यासायचा म्हणजे काय करायचं, हा आजचा खरा प्रश्न आहे. चर्चचं उदाहरण घेतोय, कारण या बाबतीतली भांडणं तिथे फार आधी झाली, आणि त्या भांडणांतूनच आज जगभरचे इतिहासकार वापरतात ती बरीचशी हत्यारं तयार झाली.

दोन फॉरवर्ड

आपल्या फोनवर चर्चच्या इतिहासाचे साधारण दोनच मेसेज येतात. पहिला म्हणजे छळ, जबरदस्ती, इन्क्विझिशन, आणि म्हणून हे लोक असेच. दुसरा म्हणजे शाळा, दवाखाने, सेवा, आणि म्हणून यांच्याबद्दल वावगं काही बोलूच नका. दोन्ही मेसेजमधल्या एकेका गोष्टीला कदाचित आधारही असेल. पण दोन्हींना इतिहास म्हणता येत नाही, कारण दोन्हींचा निकाल आधी ठरलेला असतो. पुरावे नंतर गोळा केलेले असतात, वकील करतो तसे.

याची किंमत जिवंत माणसं मोजतात. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मराठी लेखक आणि बायबलचे मराठी अनुवादक. त्यांची निवड झाली तेव्हा काही गटांनी विरोध केला, आणि त्या वादात पुस्तकांपेक्षा धर्माचीच चर्चा जास्त झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या घटनांचा जाब आजच्या शेजाऱ्याला विचारायचा, ही सवय अशाच अर्धवट इतिहासातून लागते. आणि त्या शेजाऱ्याचं मन दुखू नये म्हणून चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी भोगलं त्यांचं दुःख झाकून टाकायचं, हीदेखील त्याच अर्धवटपणाची दुसरी बाजू.

मग करायचं काय? एक गोष्ट सांगतो.

रोमचं दानपत्र

कॉन्स्टंटाइन हा रोमचा बादशहा, चौथ्या शतकातला. ख्रिस्ती धर्माला उघड पाठिंबा देणारा पहिला रोमन बादशहा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या नावावर एक लॅटिन दस्तऐवज मध्ययुगात फिरत होता. त्यातली कथा अशी की बादशहाला कुष्ठरोग झाला, पोप सिल्व्हेस्टरच्या हातून बाप्तिस्मा घेतल्यावर तो बरा झाला, आणि कृतज्ञता म्हणून त्याने रोम शहर आणि साम्राज्याचा पश्चिमेकडचा मुलूख पोपला देऊन टाकला. याला कॉन्स्टंटाइनचं दानपत्र म्हणतात.

हा कागद किती मोलाचा होता बघा. पोप हा धर्मगुरू आहेच, पण तो जमिनीचाही धनी आहे आणि राजांच्या वर आहे, या दाव्याला तो आधार होता. अकराव्या शतकात पोप लिओ नवव्याच्या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चशी वाद पेटला, तेव्हाही हे दानपत्र पुढे करण्यात आलं.

१४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला नावाच्या इटालियन पंडिताने हा कागद हातात घेतला आणि त्याची अक्षरशः चिरफाड केली. त्याची पद्धत आपल्याला आजही वापरता येते. मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे मला तरी ते वाचताना कोणीतरी दुसऱ्याचा कोड ओळ न ओळ तपासतोय असंच वाटलं.

पहिलं, शब्द. दानपत्रात बादशहा आपल्या 'सत्रपां'चा उल्लेख करतो. सत्रप हा इराणी राज्यकारभारातला शब्द. रोमचा बादशहा आपल्या दरबारी अधिकाऱ्यांना सत्रप का म्हणेल? शिवाय त्यातलं लॅटिन कॉन्स्टंटाइनच्या काळातलं वाटत नाही, फार नंतरचं वाटतं. शिवकाळातलं म्हणून दाखवलेल्या पत्रात 'जिल्हाधिकारी' हा शब्द सापडला तर आपल्याला जे वाटेल तेच वाल्लाला वाटलं.

दुसरं, काळ. दानपत्रात एका ठिकाणी कॉन्स्टँटिनोपल हे मोठं धर्मपीठ म्हणून येतं. पुढे तोच बादशहा म्हणतो की मी आता पूर्वेला जाऊन माझ्या नावाचं शहर वसवणार आहे. म्हणजे जे शहर अजून वसायचंय, त्याचं धर्मपीठ आधीच तयार! लिहिणाऱ्याला दोन काळांचा मेळ घालता आला नाही.

तिसरं, परिणाम. एवढा मोठा मुलूख एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर काहीतरी खुणा राहायला हव्यात. जुने अधिकारी कोणी काढले? नवे कोणी नेमले? पोपने ताबा कधी घेतला? याबद्दल कुठेच काही नाही. पश्चिमेकडे बादशहाच राज्य करत राहिले.

चौथं, दुसरे साक्षीदार. कॉन्स्टंटाइनला ओळखणारा बिशप युसेबियस याने लिहून ठेवलंय की बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो आयुष्याच्या अगदी शेवटी, म्हणजे ३३७ मध्ये, आणि तोही पूर्वेला, निकोमीडियाजवळ. मग रोममधला तो बाप्तिस्मा आणि तो चमत्कार कुठून आला?

या सगळ्यात वाल्ला चमत्कार होतात की नाही या वादावर अवलंबून राहत नाही. देव कुष्ठरोग बरा करू शकतो का, हा प्रश्न इतिहासाच्या हत्यारांनी सुटणारच नाही. हा कागद चौथ्या शतकातला आहे का, हा प्रश्न सुटतो. अभ्यासाची पहिली शिस्त हीच: आपल्या हत्यारांनी सुटेल तोच प्रश्न विचारायचा.

आता गोष्टीचा दुसरा भाग, जो सहसा सांगितला जात नाही. वाल्ला काही निःपक्ष साधू नव्हता. तो अल्फॉन्सो राजाच्या पदरी होता, आणि नेपल्सच्या गादीवरून त्या राजाचं पोप युजीन चौथ्याशी भांडण चालू होतं. म्हणजे वाल्लाचा लेख राजाच्या सोयीचाच होता. मग त्याचं म्हणणं खोटं ठरतं का? नाही. हेतूवरून एवढंच कळतं की हा माणूस नेमका इथेच का शोधायला गेला. त्याला सापडलेलं खरं की खोटं, हे पुराव्यावरच ठरतं. 'हे लिहिणारा अमुक गटाचा आहे' एवढं म्हणून आपण रोज कितीतरी गोष्टी उडवून लावतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि तिसरा भाग. पुढे १४४८ मध्ये याच वाल्लाला पोप निकोलस पाचव्याने आपल्या कचेरीत लेखनिक म्हणून नोकरी दिली. तो पुरलाही गेला रोमच्या लॅटरन चर्चमध्ये, म्हणजे खुद्द पोपच्या कॅथेड्रलमध्ये. ते चर्च मात्र कॉन्स्टंटाइनच्याच देणगीतून उभं राहिलं, असं इतिहासकार मानतात. म्हणजे दानपत्र खोटं, पण कॉन्स्टंटाइनने चर्चला खूप काही दिलं हे खरं. एक कागद बनावट निघाला म्हणून त्याच्या आजूबाजूचं सगळंच खोटं ठरत नाही.

शिवाय बनावट कागदही फेकून द्यायचा नसतो. बरेच अभ्यासक हे दानपत्र आठव्या शतकातलं मानतात, काही जण नवव्या शतकातलं. आठव्या शतकाच्या मध्यावर लोम्बार्ड लोक रोमच्या उंबरठ्यावर होते आणि पोप आल्प्स ओलांडून फ्रँक राजा पेपिनकडे मदत मागायला गेला होता. अशा काळात कोणाला तरी असा कागद असावासा वाटला. चौथ्या शतकाबद्दल तो काही सांगत नाही, पण ज्या काळात तो लिहिला गेला त्या काळाची गरज, भीती आणि महत्त्वाकांक्षा तो स्वच्छ सांगतो. आपल्याकडेही बनावट ताम्रपट सापडतात. कोणाला, कधी, कुठल्या इनामासाठी तो बनवावासा वाटला, हाच त्यांचा इतिहास असतो.

भांडणातून जमलेले कागद

सोळाव्या शतकात लूथरची चळवळ झाली आणि युरोपातलं चर्च फुटलं. दोन्ही बाजूंना इतिहास हवा होता. प्रोटेस्टंटांना दाखवायचं होतं की मूळ चर्च शुद्ध होतं, नंतर रोमने ते बिघडवलं. कॅथलिकांना दाखवायचं होतं की चर्च पहिल्यापासून जसंच्या तसं आहे.

मथायस फ्लासियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५५९ ते १५७४ या काळात 'मॅग्डेबर्ग सेंच्युरीज' नावाचा तेरा खंडांचा इतिहास छापला. एका शतकाला एक खंड, आणि प्रत्येक शतकाची माहिती त्याच त्या ठरावीक सदरांखाली. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्का डेटाबेस. उत्तर म्हणून रोममधून बारोनियसने १५८८ पासून 'अनालेस' लिहायला घेतलं. बारा खंड, वर्षावर्षांनुसार, ११९८ पर्यंत. बारोनियस पुढे कार्डिनल झाला आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा प्रमुखही.

दोघेही वकीलच होते. पण समोरचा वकील तगडा असला की आपल्याला कागद नीट आणावा लागतो. रोमची बाजू मांडणाऱ्या बारोनियसनेही कॉन्स्टंटाइनचं दानपत्र खरं नाही हे मान्य केलं. पोपच्या बाजूने लिहितानाही पोपच्या सोयीचा कागद टिकत नाही म्हणायची वेळ आली, कारण न म्हणता पुढे गेला असता तर प्रतिपक्षाने तिथेच पकडला असता.

याच्यासारखं आपल्याकडे काय झालं ते आठवा. बखरी होत्या. सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे शिवाजी महाराजांचा काळ पाहिलेल्या माणसाने. चिटणीसांची बखर त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. दोन्हींचं वजन सारखं धरायचं का? १८९८ पासून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, गावोगावच्या घरांतून दप्तरं गोळा केली, आणि मूळ कागदाशिवाय बोलायचं नाही असा धडा घालून दिला. ज्याने तो वाद थोडाफार वाचलाय त्याला चर्चच्या इतिहासातली ही भांडणं अजिबात परकी वाटणार नाहीत.

आपल्याच घरचा कागद तपासणारे

मला सर्वात आवडणारा प्रसंग सतराव्या शतकातला आहे.

अँटवर्पमध्ये काही जेझुइट पाद्र्यांनी संतचरित्रं तपासण्याचं काम हाती घेतलं होतं. संतांच्या कथा खूप, चमत्कार खूप, आणि एकच कथा चार संतांच्या नावावर. त्यांनी ठरवलं की प्रत्येक संताची सर्वात जुनी हस्तलिखितं शोधायची, एकमेकांशी ताडून बघायची आणि मग छापायची. 'आक्टा सांक्टोरम' या मालेचे पहिले खंड १६४३ मध्ये निघाले. या मंडळाला बोलांडिस्ट म्हणतात. ते आजही ब्रसेल्समध्ये काम करतं.

त्यांच्यातल्या डॅनियल पापेब्रोकने १६७५ मध्ये लिहिलं की फ्रान्समधल्या मठांकडे असलेल्या बऱ्याच जुन्या सनदा संशयास्पद आहेत. त्या मठांची जमीन, उत्पन्न, मान, सगळं त्या सनदांवर उभं. बेनेडिक्टाइन संन्यासी खवळले. पण त्यांच्यातल्या जाँ माबियोंने शिव्या देण्यात वेळ घालवला नाही. त्याने सहा वर्षं शेकडो सनदा पाहिल्या. कातडं कुठलं, अक्षराचं वळण कुठल्या शतकातलं, शिक्का कसा, तारीख कुठल्या पद्धतीने घातली आहे, भाषेत कुठले ठरावीक वाक्प्रयोग येतात, हे सगळं त्याने मांडलं. १६८१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. कागद खरा की खोटा हे ओळखण्याचं शास्त्र त्या पुस्तकापासून सुरू झालं असं मानतात.

मग पापेब्रोकने काय केलं? त्याने माबियोंला पत्र लिहून सांगितलं की तुमचं पुस्तक वाचून माझं मत बदललं, आणि त्याचा मला आनंद आहे. वाद हरल्यावर अभिनंदनाचं पत्र! आपल्या कुठल्याही ग्रुपवर शेवटचं असं कधी घडलं, आठवून बघा.

पण सगळं इतकं गोड नव्हतं. कार्मेलाइट नावाच्या संन्यासी संघाची परंपरा सांगायची की आमची स्थापना बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने केली. पापेब्रोकने पुरावे पाहून सांगितलं की याला आधार नाही. १६९५ मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने त्याच्या खंडांवर बंदी घातली. ती उठायला १७१५ उजाडलं, आणि तोवर पापेब्रोक वारला होता.

आता सांगा, यात चर्च कोण? पापेब्रोक पाद्री होता. माबियों संन्यासी होता. कार्मेलाइटही संन्यासी. बंदी घालणारेही चर्चचेच. 'चर्चने असं केलं' असं एका वाक्यात म्हणायच्या आधी कोणी, कुठल्या, कधी, हे विचारायला हवं ते यासाठी.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

इन्क्विझिशनचं नाव आलंच आहे, तर त्याच्याकडे वळू. 'लाखो लोक जाळले' असं एक वाक्य फिरतं. 'तसं फारसं काही झालंच नाही' असंही एक फिरतं.

स्पेनमधली विभागीय न्यायालयं आपल्या खटल्यांचे सारांश माद्रिदच्या मुख्य मंडळाकडे पाठवायची. विसाव्या शतकात गुस्ताव हेनिंगसेन आणि हाइमे कोंत्रेरास या दोन अभ्यासकांनी १५४० ते १७०० या काळातले असे जवळपास ४४ हजार खटल्यांचे सारांश संगणकावर मोजले. प्रत्यक्ष मृत्युदंड झालेले त्यात साधारण दोन टक्के निघाले.

आता दोन्ही बाजू हा आकडा वापरतात. एक म्हणते, बघा, दोनच टक्के! पण हा आकडा १५४० पासूनचा आहे. स्पेनचं इन्क्विझिशन १४७८ मध्ये सुरू झालं, आणि धर्मांतरित ज्यूंवर सर्वात कठोर कारवाई त्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत झाली. ती या यादीत नाहीच. डेटाशी काम करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल: लॉग जिथून सुरू होतो तिथून घटना सुरू होतेच असं नाही.

आणि ज्यांना मृत्युदंड झाला नाही त्यांचं काय? तुरुंग, मालमत्ता जप्त, सर्वांसमोर नामुष्की, घराण्याच्या नावाला पिढ्यान्‌पिढ्या डाग. टक्केवारीत हे दिसत नाही. आकडा फुगवणंही चूक आणि खरा आकडा सांगून त्यामागची माणसं पुसून टाकणंही चूक. अभ्यासकाने आकडाही सांगायचा आणि तो कशाचा नाही हेही सांगायचं.

आणि मग गोवा

गोव्याचं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं, मध्ये काही वर्षं बंद होतं, आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. ते संपल्यावर खटल्यांचे बहुतेक मूळ कागद नष्ट करण्यात आले. ही मोठी अडचण आहे. ज्यांच्यावर खटले चालले त्या माणसांची उत्तरं, त्यांच्या साक्षी, त्यांची बाजू, यातलं बरंच कायमचं गेलं.

उरलं काय? तीन तऱ्हेची साधनं बघा. एक, शार्ल दलों हा फ्रेंच डॉक्टर. त्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या तुरुंगात ठेवलं होतं, आणि सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपल्या अनुभवाचं पुस्तक छापलं. हा भोगलेल्या माणसाचा शब्द आहे, त्याला मोठं वजन. पण तो युरोपियन होता आणि युरोपातल्या वाचकांसाठी लिहीत होता. त्याच तुरुंगातला एखादा कोकणी बोलणारा कैदी आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. दोन, गोव्याच्या न्यायालयातल्याच एका अधिकाऱ्याने १५६१ ते १६२३ या काळातल्या ३८०० खटल्यांची केलेली सूची. ती आज लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. यात माणसं आहेत, आरोप आहेत, शिक्षा आहेत, पण सगळं न्यायालयाच्या भाषेत. तीन, नंतरच्या अभ्यासकांचं काम. अ. का. प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये आलं, आणि त्या विषयावर बोलताना ते आजही टाळता येत नाही.

या तीनपैकी एकच वाचलं तर चित्र वाकडं होणार. तिन्ही शेजारी ठेवली की निदान कुठे काय दिसत नाहीये ते तरी कळतं.

त्याच गोव्यात १६१६ मध्ये, म्हणजे इन्क्विझिशन चालू असतानाच, रायतूरला एक पुस्तक छापलं गेलं: फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. रोमन लिपीत छापली, कारण छापखान्यात तेच खिळे होते. त्या काळात छापलेली एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ते काव्य आपल्यापर्यंत आलं.

आता ख्रिस्तपुराणाला काय म्हणायचं? धर्मांतरितांना शिकवण्याचं साधन? हो. मराठी भाषेवर मनापासून प्रेम केलेल्या माणसाचं काव्य? तेही हो. ज्या सत्तेने देवळं पाडली तिच्याच छत्राखाली लिहिलेलं? तेही खरं. तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम केला. एकीकडे ओव्या, एकीकडे बंदी. पुन्हा तोच प्रश्न: कोणी, कुठल्या, कधी?

हा इतिहास कोणाचा?

इतका वेळ आपण पोप, पाद्री, बादशहा यांच्याबद्दलच बोललो. बराच काळ चर्चचा इतिहास म्हणजे हेच होतं. भारतात तो बहुधा मिशनऱ्यांचा इतिहास होता: साहेब आला, त्याने शाळा काढली, इतके बाप्तिस्मे झाले. चर्च हिस्टरी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९३५ पासून आहे. तिने पुढे भारतीय ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचे खंड काढायचं ठरवलं, तेव्हा दृष्टीच बदलली. हा इतिहास इथल्या समाजाच्या इतिहासाचा भाग म्हणून लिहायचा, परदेशी मिशनांची शाखा म्हणून नाही.

हा बदल मोठा आहे. कारण मग प्रश्न बदलतात. अहमदनगर भागातल्या महार-मांग कुटुंबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांना काय हवं होतं, आणि मिळालं काय? चर्चमध्ये गेल्यावर जात सुटली का? १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'मध्ये कोण लिहीत होतं, कोण वाचत होतं? पंडिता रमाबाईंनी धर्म बदलल्यावर इथल्या समाजाशी त्यांचं भांडण झालंच, पण चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे खटके उडाले. ते का?

यासाठी साधनंही वेगळी लागतात. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक धर्मग्रामाने लग्नांची नोंदवही ठेवावी असा नियम केला, आणि बाप्तिस्म्याच्या वह्याही सार्वत्रिक होत गेल्या. कोण जन्मलं, कोणाशी लग्न झालं, साक्षीदार कोण. पाद्र्याने हिशेबासाठी ठेवलेल्या या रुक्ष वह्यांत अशा बायकांची आणि मजुरांची नावं सापडतात ज्यांचा दुसरा कुठलाच कागद नाही.

आणि हे लिहायचं कोणी? श्रद्धाळूने की बाहेरच्याने? माझं उत्तर सोपं आहे: ज्याला भाषा येतात, जो कागद बघतो, आणि जो आवडत्या कागदाला तोच चाळणीचा नियम लावतो जो नावडत्याला लावतो. आतल्या माणसाला प्रार्थनेचा अर्थ कळतो, बाहेरच्याला न कळणाऱ्या खुणा कळतात. बाहेरच्या माणसाला आतल्याने गृहीत धरलेल्या गोष्टी खटकतात. दोघं एकमेकांचं काम तपासू शकतात. पण त्यासाठी कागद दोघांनाही बघायला मिळाले पाहिजेत. व्हॅटिकनने आपलं गुप्त म्हणवलं जाणारं दप्तर १८८१ मध्ये अभ्यासकांना खुलं केलं. पोप बाराव्या पायसच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले कागद खुले व्हायला मात्र मार्च २०२० उजाडलं. तोवर त्या काळातल्या पोपने ज्यूंसाठी काय केलं आणि काय केलं नाही, यावर दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे ढीग लिहून झाले होते. दप्तर बंद असलं की अफवा आणि आरत्या दोन्ही वाढतात.

फॉरवर्ड आल्यावर विचारायचे पाच प्रश्न

एक: हे कोणत्या मूळ साधनावर आधारलेलं आहे, आणि ते घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेलं?

दोन: लिहिणाऱ्याला काय हवं होतं? याने पुरावा रद्द होत नाही, पण कुठे जास्त बारकाईने बघायचं ते कळतं.

तीन: दुसऱ्या, शक्यतो विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराकडून याला दुजोरा मिळतो का? स्वतःच्या सोयीविरुद्ध दिलेली कबुली सर्वात मोलाची. बारोनियस आठवा.

चार: कोणाचा आवाज यात नाहीच, आणि तो का नाही? कागद जळला, जाळला, की मुळात लिहिलाच गेला नाही?

पाच: हाच नियम मी माझ्या आवडत्या इतिहासाला लावायला तयार आहे का?

पाचवा प्रश्न सर्वात अवघड आहे. वाल्लाचं कौतुक करणं आपल्याला सोपं जातं, कारण ते दानपत्र आपलं नाही. आपल्या गावच्या देवळाची सनद, आपल्या कुळाची वंशावळ, आपल्या लाडक्या नेत्याची आठवण, यांच्याबद्दल कोणी शांतपणे विचारलं की हे कशावरून, तर आपण माबियोंसारखे कागद काढून बसणार की बंदीची मागणी करणार? चर्चमध्ये दोन्ही झालं. ज्यांनी कागद काढले त्यांचं काम आज साडेतीनशे वर्षांनंतरही विद्यार्थी शिकतात.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या फोनवरचा धर्माच्या इतिहासाचा, तुम्हाला मनापासून पटलेला एक मेसेज घ्या आणि त्याला हे पाच प्रश्न विचारा. पटलेलाच घ्या, न पटलेला नको. काय निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.